पंधराच्या वर

स्टाफरूममधले किस्से टिकत नाहीत. घंटा होते, अर्धं वाक्य तोंडात घेऊन माणूस वर्गावर जातो आणि परत येईपर्यंत विषय बदललेला असतो. गाडीतल्या गप्पांचं तसं नसतं. दारं बंद, काचा वर, आणि सोलापूर ते मैंदर्गी कोणालाच मध्ये उठून जाता येत नाही. काल अर्धवट राहिलेलं आज वाटेतल्या कुंभारी गावाच्या पुढे पुन्हा सुरू होतं. बरीच वर्षं आम्ही चौघं एकाच गाडीतून मैंदर्गीच्या शाळेला जातोय. त्यामुळे किस्से साचलेत, आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे आहेत: गाडी लिटरला किती देते.

गाडी हिरेमठ सरांची. सर भूगोल शिकवायचे. स्टिअरिंग दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचे नाहीत. त्यांच्या शेजारी शाळेचे क्लार्क क्षीरसागर, मूळचे श्रीपूरचे, घरचा ऊस. मागे चित्रकलेचे शेख सर आणि मी, विज्ञानाची गड्डम मॅडम.

मायलेज हा रोज गाडीतून जाणाऱ्या सगळ्यांचाच विषय असतो. आमच्याकडे तो गप्पांपुरता राहिला नाही. सर रिटायर झाल्यावर त्यांनी मुलीला शब्द दिला की गाडी पंधराच्या खाली गेली तर विकून टाकीन, सोलापूरचं घर बंद करीन आणि पुण्याला येईन. म्हणजे त्या आकड्यावर एका माणसाचं गाव सुटणं न सुटणं ठरणार होतं. पण त्याच्या आधीचं आधी सांगते.

*

तेव्हा पंपावर साधं पेट्रोल एक्याण्णव ऑक्टेनचं मिळायचं आणि महागातलं पंच्याण्णवचं. सरांना ते पंच्याण्णव फार आवडायचं.

"पंच्याण्णव मार्कांचं पोरगं एक्याण्णववाल्याच्या पुढंच जाणार की," ते म्हणाले. "मायलेज जास्त देणारच. त्यात विचारायचं काय, मॅडम?"

मला राहवलं नाही. मी सांगितलं की ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबलं जातं. ठिणगीनं पेटवायच्या आत ते दाबानंच आपलं आपण पेटलं तर इंजिनाला हादरा बसतो. ऑक्टेन जास्त म्हणजे ते पेट्रोल जास्त दाब सोसतं, ठिणगीची वाट बघतं. ज्या इंजिनात एवढा दाबच नसतो, त्याला त्या जास्तीच्या आकड्याचा काही उपयोग नाही.

 मग क्षीरसागर म्हणाले, "म्हंजे सहनशक्ती म्हणा की."

"हो, तेच."

"मग माझं ऑक्टेन शंभराच्या वर असंल. चार हेडमास्तर झाले, अजून पेटलो न्हाय."

सरांनी समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "ते खरं हाय, क्षीरसागर. पण तुमचं मायलेज कुठं हाय?"

ऑक्टेन आणि मायलेज यांचा संबंध मी आजपर्यंत कुठल्या वर्गाला इतक्या थोडक्यात समजावू शकलेले नाही.

*

एवढं होऊनही सरांचं समाधान झालं नाही. "प्रयोग करून बघा मग," असं मीच म्हणून गेले. विज्ञान शिकवण्याचा हा तोटा आहे, आपलं वाक्य आपल्याच अंगावर येतं. सरांनी आलटून पालटून एक टाकी साधं आणि एक टाकी पंच्याण्णव असं सुरू केलं. आणि खरंच पंच्याण्णवला दर वेळी किलोमीटर-दीड किलोमीटर जास्तच यायला लागलं. सरांनी अक्कलकोटला गाडी थांबवून सगळ्यांना भजी खाऊ घातली. माझ्या घशाखाली ती उतरेनात. आमच्या गाडीला ते पेट्रोल लागायचं काही कारण नव्हतं, आणि आकडे तर समोर होते.

शेवटी शेख सर एकदा शाळेच्या व्हरांड्यात म्हणाले, "मॅडम, तुम्ही मीटर बघता. मैं सर का पाँव देखता."

शेख सरांना चित्रकलेमुळे बघायची सवय. त्यांचं म्हणणं असं की साधं पेट्रोल असलं की सर एसटीला मागे टाकतात, ब्रेक मारतात, परत पळवतात. महागातलं असलं की गाडीत नवी नवरी बसल्यासारखे चालवतात. पेट्रोल बदलत नव्हतं तेवढा पाय बदलत होता.

पुढच्या वेळी सर पंपाबाहेर केळी घ्यायला गेले तेव्हा आम्ही साधं भरून घेतलं आणि त्यांना पंच्याण्णव म्हणून सांगितलं. वळसंगपर्यंत सर एका ट्रकच्या मागे इतक्या शांतपणे चालले होते की क्षीरसागरांना झोप लागली. ती टाकी संपली तेव्हा आकडा चांगलाच आला.

"बघा मॅडम. पंच्याण्णव ते पंच्याण्णव," सर म्हणाले.

मी खरं काय ते सांगून टाकलं. सर रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. मला वाटलं, दुखावले. कुंभारी मागे पडल्यावर म्हणाले, "म्हणजे ते पंच्याण्णव माझ्या पायात होतं म्हणायचं. इर्ली बिडु."

सरांच्या घरची भाषा कानडी. 'इर्ली बिडु' म्हणजे असू दे, सोडून दे. वाद जिंकला तरी आणि हरला तरी सर तो याच दोन शब्दांनी मिटवायचे, आणि त्यानंतर मनात काही ठेवायचे नाहीत.

त्या दिवसापासून पेट्रोल कुठलंही असो, सरांचा पाय हलकाच राहिला. गाडी सतरा-अठरा द्यायला लागली. मला मात्र त्या किश्श्यानं बराच वेळ छळलं. महाग आहे असं वाटलं की आपण किती जपून वागतो, आणि रोजचं, साधं, हाताशी असलेलं कसं दामटवतो. घरी गेल्यावर आईशी त्या संध्याकाळी मी जरा मऊपणानं बोलले, हेही सांगते.

*

आता एक किस्सा माझ्या विरुद्ध जाणारा, कारण तो सांगितला नाही तर शेख सर सांगतील.

शेख सरांच्या भाचीचं लग्न वैरागला होतं, ऐन मे महिन्यात. गाडीत चौघं, डिकीत आहेराची भांडी, एसी चालू. वाटेत कुठल्याही पुलाचा चढ लागला की गाडीतून बारीक टिकटिक टिकटिक ऐकू यायची. सपाटीला आली की बंद.

सगळ्यांचा संशय माझ्या डब्यावर. लग्नाला जातानाही मी डबा घेते, मला उशिराच्या पंगती झेपत नाहीत. डब्यातला चमचा वाजतोय असं ठरलं. चमचा काढून मी पर्समध्ये ठेवला. पुढच्या चढाला पुन्हा टिकटिक. मग आहेरावर संशय. रणरणत्या उन्हात गाडी बाजूला घेऊन शेख सरांनी आहेराच्या पातेल्यांमध्ये स्वतःचा शेरवानीवरचा दुपट्टा कोंबला. पुढच्या चढाला परत टिकटिक.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंजिन जुनं, आत काजळी धरलेली, वर उन्हाळा आणि ओझं. पेट्रोल ठिणगीच्या आधी पेटत होतं, त्याचा तो आवाज. जे मी शिकवते ते माझ्या पायाखाली वाजत होतं आणि मी चमचा काढत बसले होते.

वैरागला पोचायच्या आधी एका पंपावर सरांनी पंच्याण्णव भरलं. पुढच्याच पुलाच्या चढावर आम्ही सगळे श्वास धरून बसलो होतो. गाडी मुकाट्यानं चढली.

सरांनी फक्त केळ्यांची पिशवी माझ्याकडे मागे सरकवली.

म्हणजे माझं म्हणणं चूक नव्हतं, पण अर्धं होतं. ज्या इंजिनाला गरज आहे त्याला तो आकडा लागतो. आणि कोणाला कधी गरज पडेल हे इंजिन नवं असताना सांगता येत नाही.

*

सर रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीच्या चौकात उभे होतो, एसटीनं जायचं म्हणून. सरांची गाडी नेहमीच्या वेळेला येऊन उभी राहिली.

"बसा की," सर म्हणाले.

 आम्ही बसलो. मैंदर्गीला आम्ही वर्गांवर गेलो, सर शाळेच्या वाचनालयात गेले. तिथे कापडावरचे जुने नकाशे उंदरांनी कुरतडलेले होते. सरांनी ते एकेक उतरवून खळीनं चिकटवायला घेतले. आठवड्याच्या बाजारादिवशी बाजारात चक्कर, दुपारी बी-बियाण्याच्या दुकानात मित्राकडे पेपर. संध्याकाळी आम्हाला घेऊन परत. सरांच्या घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चार-पाच वर्षांपूर्वीच गेल्या.

मुलगी अश्विनी पुण्यात इंजिनिअर. एकुलती एक. या वयात वडील रोज एवढा रस्ता गाडी चालवतात हे तिला पटत नव्हतं, आणि ती काही चूक नव्हती. सुटीत तिनं सरांना गाडीसकट पुण्याला नेलं. नवव्या मजल्यावर सर आठवडाभर राहिले. जावई चांगला, नातू गोड. पण दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की सर लिफ्टनं खाली पार्किंगमध्ये जायचे आणि आपल्या गाडीत जाऊन बसायचे. काच खाली करून, पेपर वाचत.

हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, हसत. दोन-चार दिवसांत तिथल्या ड्रायव्हर लोकांशी त्यांची ओळख झाली. त्यातल्या एकानं विचारलं, "मामा, तुम्ही कोणत्या साहेबांकडे आहात?"

सर म्हणाले, "मुलीकडे."

तो म्हणाला, "सांभाळून घेतात का?"

"लई सांभाळतात," सर म्हणाले. "म्हणून तर खाली येऊन बसतो."

तिथून निघताना अश्विनीनं विषय काढला. गाडी म्हातारी झाली, अप्पा, किती पेट्रोल पिते बघा. सरांना तेवढं निमित्त मिळालं. म्हणाले, पंधराच्या खाली गेली की विकतो आणि इकडंच राहायला येतो. गाडी तेव्हा सतरा देत होती, त्यामुळे शब्द द्यायला काही अवघड गेलं नाही.

*

मग पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त यायला लागलं.

सरांनी पेपरात वाचलं की साध्या पेट्रोलचं ऑक्टेन आता वाढलंय. सकाळी गाडीत बसलो न बसलो तोच म्हणाले, "मॅडम, आपला साधा पोरगा पण आता पंच्याण्णवला गेला की."

आणि गाडी सोळावर आली. मग साडेपंधरा.

सर हवालदिल झाले. मार्क वाढले आणि मायलेज उतरलं, हे कसं? मी सांगितलं की इथेनॉलची सहनशक्ती जास्त असते म्हणून ऑक्टेन वाढतं, पण जळताना लिटरमागे त्यातून उष्णता कमी निघते. त्यातून गाडी जुनी, या पेट्रोलसाठी बनवलेली नाही. आकडा मोठा झाला आणि भाकरी लहान झाली. सरांनी महागातलं महाग पेट्रोलही टाकून बघितलं. त्यानं काही फरक पडला नाही. चढावर इंजिन टिकटिक करतच नव्हतं, तर त्या पेट्रोलनं थांबवायचं तरी काय?

"मी जन्मभर मार्कांवर विश्वास ठेवला," सर म्हणाले. ते गमतीनं म्हणाले, पण मला वाईट वाटलं.

सगळ्यात जास्त लागलं ते क्षीरसागरांना. इथेनॉल उसापासून होतं, आणि त्यांच्या भावाचा ऊस श्रीपूरच्या कारखान्याला जातो. सुरुवातीला ते अभिमानानं सांगायचे, "सर, आमच्या रानातला ऊस तुमच्या टाकीत हाय." आता ते गाडीत बसले की सीटच्या कडेला बसायचे, जणू वजन कमी होईल.

एका सोमवारी ते मांडीवर कापडात गुंडाळलेली गुळाची ढेप घेऊन आले. "भावानं दिलाय," म्हणाले. "सर, आमच्यामुळं तुमचं मायलेज गेलं. मला लई वाईट वाटतंय बघा."

 शेख सरांनी मागून ढेपेकडे वाकून बघितलं आणि विचारलं, "खायचा आहे, का टाकीत टाकायचा?"

क्षीरसागर त्या दिवशी पहिल्यांदा हसले. गूळ आम्ही वाटून घेतला, पण तो खाताना प्रत्येकाच्या मनात पंधराचाच हिशोब चालू होता.

*

आता मायलेज मोजायची आमची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

टाकी फुल करायची, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची. दुसऱ्यांदा जेवढं पेट्रोल बसलं तेवढं वाटेत संपलं. पण फुल म्हणजे किती? नळी टक्कन बंद पडते तेव्हा टाकीत वरच्या बाजूला हवा राहिलेली असते. सोलापुरात त्यावर उपाय ठरलेला आहे. गाडीतून उतरायचं, डिकीवर दोन्ही हात ठेवायचे आणि गाडी गदागदा हलवायची. हवा वर येते, पेट्रोल खाली बसतं, आणखी थोडं मावतं. असं करू नये म्हणतात, पण सगळे करतात. अक्कलकोट रोडच्या आमच्या पंपावर सविता नावाची मुलगी पेट्रोल भरते. ती याला पाळणा म्हणते. नळी बंद पडली की विचारते, "पाळणा द्यायचा का, सर?"

सरांचा नियम कडक. पहिल्यांदा पाळणा दिला तर दुसऱ्यांदाही द्यायचा. नाहीतर हिशोब खोटा.

मायलेज साडेपंधराच्याही खाली घसरायला लागलं तेव्हा शेख सर कामाला लागले. डिकीतून जुनी छत्री, तुटका जॅक, शाळेच्या नाटकाचा मुकुट, सगळं बाहेर काढलं. टायरची हवा स्वतः उभं राहून भरून घेतली. तरी आकडा हलेना. मग एका सोमवारी त्यांनी टाकी भरताना गाडीला असा पाळणा दिला की बाजूच्या रिक्षावाल्यानं विचारलं, गाडीत भूत आहे का. आणि मंगळवारी पुन्हा भरताना, सर टायरची हवा बघायला गेलेत असं बघून, सविताला हळूच म्हणाले, "बस. नळी काढ."

आकडा आला साडेसतरा.

गाडीत जल्लोष झाला. क्षीरसागरांनी दोन्ही हात जोडले. सरांनी आकडा दोनदा करून बघितला, मग आरशातून माझ्याकडे बघितलं, मग शेख सरांकडे.

"शेख सर, आज पाळणा दिला होता का?"

शेख सर खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"मला खोटं मायलेज नको," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी पोरीला शब्द दिलाय. शब्द काय टाकीत हवा ठेवून पाळायचा असतो होय?"

त्या दिवशी 'इर्ली बिडु' आलं नाही.  नंतर शेख सर माझ्याजवळ म्हणाले, "मॅडम, हा माणूस पुण्याला गेला तर या गाडीत मी बसणार नाही. एसटीनं जाईन." गाडी गेली तर बसायचा प्रश्नच नव्हता, पण ते त्यांच्या लक्षात आणून द्यावंसं मला वाटलं नाही.

*

संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेसाठी अश्विनी आली. सरांनीच तिला फोनवर सांगितलं होतं की आकडा आता पंधराच्या आसपास घोटाळतोय, तूच येऊन बघ आणि तूच ठरव.

सुटी संपून शाळा उघडली त्या सकाळी आम्ही पंपावर जमलो. सविताची नळी टक्कन थांबली. सरांनी डिकीवर हात ठेवले, शेख सर आणि क्षीरसागर दोन बाजूंना. व्यवस्थित पाळणा दिला. पेट्रोल आणखी मावलं. पुन्हा नळी थांबली, पुन्हा पाळणा, पुन्हा मावलं. अश्विनी हाताची घडी घालून बघत होती.

"संध्याकाळीही असंच करायचं हं अप्पा," ती म्हणाली. "एका दिवसाच्या टेस्टमध्ये अर्ध्या लिटरनं सगळं बदलतं."

"मला शिकवतेस होय?" सर म्हणाले.

तिच्यासाठी क्षीरसागर मागे आले, आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. सरांचा पाय इतका हलका होता की कुंभारीला आम्हाला एका मोपेडनं मागे टाकलं.  वळसंगला टपरीवाल्यानं लांबूनच हात केला. अक्कलकोटला एक फुलवाली बाई गाडी हळू झालेली बघून पुढे आली आणि खिडकीतून फुलांची पुडी देत अश्विनीला कानडीत विचारून गेली की सरांची मुलगी का तू. मैंदर्गीला आम्ही वर्गांवर गेलो. अश्विनी दिवसभर वाचनालयात सरांबरोबर होती. मधल्या सुट्टीत मी डोकावले तेव्हा पाचवीची मुलं जमिनीवर पसरलेल्या नकाशाभोवती बसली होती, सर नदीवर बोट फिरवत होते, आणि अश्विनीच्या हाताला खळ लागलेली होती.

परत येताना नशीबच फिरलं. अक्कलकोट सोडलं आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी. रस्त्याचं काम चालू, एकच बाजू उघडी. दुसरा गिअर, पहिला गिअर, ब्रेक, परत दुसरा. टाकीतलं पेट्रोल चाललेलं मला जवळजवळ दिसत होतं. क्षीरसागर माझ्या शेजारी घाम पुसत होते.

"हितं पण आमचाच ऊस आडवा आला," ते पुटपुटले.

सर मात्र शांत होते. एकदाही हॉर्न वाजवला नाही. मी आरशात त्यांचा चेहरा बघितला आणि मला कळलं की त्यांनी मनातल्या मनात घर बंद करायला सुरुवात केलेली आहे.

पंपावर आलो तेव्हा ऊन उतरत होतं. मीटरवर सकाळपासूनचे एकशे दहा किलोमीटर. सगळे खाली उतरलो. सवितानं नळी लावली. आकडे पळायला लागले. पाच. सहा. सात. सात पूर्णांक दोनवर नळी टक्कन थांबली.

मी मनात भागाकार केला. शेजारी अश्विनीचे ओठ हलत होते, तीही तेच करत होती. पंधरा आणि वर थोडं. पण हे पाळण्याच्या आधीचं. सकाळसारखं हलवलं तर अर्धा लिटर तरी मावणारच होतं. मग चौदाच.

शेख सर हवेच्या मशीनकडे बघत होते. क्षीरसागर जमिनीकडे.

"पाळणा द्यायचा का, सर?" सवितानं विचारलं.

"म्हणजे काय, द्यायचाच की," सर म्हणाले. ते मागे गेले, डिकीवर दोन्ही हात ठेवले आणि पाय रोवून उभे राहिले.

अश्विनीनं सविताच्या हातातून पेट्रोलचं झाकण घेतलं. टाकीला लावलं आणि कट्ट आवाज होईपर्यंत फिरवलं.

"इर्ली बिडु, अप्पा," ती म्हणाली, आणि जाऊन गाडीत बसली.